पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेच्या आयोजकांना खुले पत्र: डास, गवतातले किडे आणि घरी परतल्यानंतरचे तीन आठवडे

प्रति,
पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंती काढणाऱ्या सर्व संस्था, तालीम मंडळे, ट्रेकिंग ग्रुप, शाळा आणि कॉलेजे,
कोल्हापूर जिल्हा

जय शिवराय. सप्रेम नमस्कार.

आषाढ जवळ आला की तुमच्या मोहिमांची पत्रकं व्हॉट्सॲपवर फिरायला लागतात. मी ती बारकाईनं वाचते. सोबत काय आणायचं याची यादी बहुतेक सगळ्यांची सारखीच असते: रेनकोट, बॅटरी, ताट-वाटी-पेला, अंथरूण-पांघरूण, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला कपड्यांचा कोरडा जोड, चांगल्या पकडीचे बूट आणि जळवांसाठी मीठ नाहीतर तंबाखू. डास, गोचीड आणि गवतातल्या किड्यांबद्दलची ओळ क्वचितच सापडते. घरी परतल्यावर ताप आला तर काय करायचं, याबद्दल तर काहीच नसतं. त्या राहून गेलेल्या ओळींसाठी हे पत्र लिहिते आहे.

मी कोल्हापुरात दवाखाना चालवते. कॉलेजात असताना ही वाट चालले, पुढं मुलाला घेऊनही चालले. मसाई पठारावर पाऊस आडवा मारायला लागला की दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो, आणि तरीही पुढच्या रांगेतून घोषणा ऐकू आली की थकलेली पोरं पुन्हा पाय उचलतात. शहरातल्या मुलांना जवळपास ५० किलोमीटर चालवत बाजीप्रभूंच्या खिंडीपर्यंत नेणं हे मोठं काम आहे. मोहिमा बंद करा म्हणणाऱ्यांतली मी नाही. त्या आणखी चांगल्या व्हाव्यात, चाललेलं प्रत्येक पोर धडधाकट राहावं, एवढ्यासाठी लिहिते.

वाटेत सगळ्यांत जास्त आरडाओरडा होतो तो जळवांचा. जळू रक्त पिते, जखम थोडा वेळ वाहते, दोन दिवस खाजते. जखम साबणानं धुऊन स्वच्छ ठेवली की विषय संपला. आपल्याकडं जळवांमुळं तापाची साथ पसरत नाही. धोका आहे तो जिच्यासाठी कुणी ओरडत नाही तिचा. गवतात आणि झुडपांत माइट नावाच्या किड्याची अळी असते, तिला चिगर म्हणतात. आकारानं मिलिमीटरच्या पाव भागापेक्षाही लहान, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारी. एरवी ती उंदीर-घुशींच्या अंगावर पोसते. आपण गवतात बूड टेकलं की ती कपड्यांवर चढते आणि जिथं कापड अंगाला घट्ट बसतं तिथं जाऊन चावते: मोज्याची कड, चड्डीचं इलॅस्टिक, जांघ, काख, बायकांच्या छातीखालची पट्टी. चावल्याचं कळतही नाही. तिच्या अंगात जिवाणू असला तर माणसाला स्क्रब टायफस होतो. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशाच्या जंगलांत लढणाऱ्या सैनिकांना या तापानं हैराण केलं होतं. महाराष्ट्रात २०१८ साली विदर्भात त्याची मोठी साथ आली, आणि आपल्या पश्चिम महाराष्ट्रातही त्याचे रुग्ण सापडतात. पावसाळा सुरू झाल्यापासून थंडी पडेपर्यंतचा हा आजार, त्यातही जोर ऑगस्ट ते नोव्हेंबर. तुमच्या मोहिमाही पावसाळ्यातच निघतात.

एका मोहिमेहून आलेला कॉलेजचा मुलगा माझ्याकडं आला तेव्हा त्याचा ताप आठवडाभर उतरलेला नव्हता. दुसरीकडं विषमज्वर समजून इंजेक्शनं चालू होती. त्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही, कारण मुलगा कुठून चालून आलाय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. घरच्यांनाही त्याचा काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं. मोहिमेला दोन आठवडे होऊन गेले होते. मी त्याला कपडे सैल करायला लावले. तो लाजत होता, आई बाहेर जाऊन थांबली. पॅंटच्या इलॅस्टिकच्या खाली, जांघेच्या वरच्या बाजूला अर्ध्या सेंटिमीटरची काळी, कोरडी खपली होती, भोवती लाल कडं, सिगारेटचा चटका बसावा तशी. दुखत नव्हती, खाजत नव्हती, म्हणून त्यानं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नव्हतं. शेजारी गाठ आलेली. ती खपली पाहिल्यावर फारसा विचार करायची गरज उरली नाही. रक्त तपासायला पाठवलं आणि डॉक्सिसायक्लिन सुरू केलं. हे जुनं, स्वस्त औषध आहे. दोन दिवसांत ताप उतरला.

हेच निदान आणखी लांबलं असतं तर? स्क्रब टायफसवर उपचार वेळेत मिळाले नाहीत तर दुखणं फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू यांपर्यंत जातं आणि माणूस दगावू शकतो. विषमज्वरासाठी आपण सर्रास देतो ती सेफिक्झिम, सेफ्ट्रायॅक्सोनसारखी औषधं या जिवाणूवर चालत नाहीत. आणि योग्य औषध लवकर मिळालं तर हा आजार सहसा इतका सरळ बरा होतो, हीच गोष्ट मला जास्त छळते. मध्ये फक्त एक माहिती कमी पडते: हा माणूस कुठं चालून आला, कुठं बसला, कुठं झोपला.

ती माहिती तुमच्याकडं असते. म्हणून हे पत्र महापालिकेला किंवा जिल्हा परिषदेला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. चावा मोहिमेत बसतो, पण आजार घरी गेल्यावर उघडा पडतो. डेंग्यू आणि चिकुनगुनियाला चाव्यानंतर ताप यायला साधारण ४ ते १० दिवस लागतात, स्क्रब टायफसला ६ ते २१, मलेरियाला एक आठवड्यापासून महिन्यापर्यंत आणि त्याच्या एका प्रकारात कित्येक महिनेही. तोवर बॅनर गुंडाळलेला असतो, हिशेब झालेला असतो आणि ग्रुपवर फोटो टाकणं थांबलेलं असतं. पोरं इचलकरंजीला, सांगलीला, पुण्याला आपापल्या घरी गेलेली असतात आणि प्रत्येक जण वेगळ्या डॉक्टरसमोर एकटा बसलेला असतो. सगळ्यांचे नंबर एकाच ठिकाणी असलेली माणसं म्हणजे तुम्ही.

यात आणखी एक गुंता आहे. ५० किलोमीटर चालून आलेल्या माणसाचं अंग दुखणारच. त्यामुळं आठव्या दिवशी अंग मोडून आलं, डोकं ठणकायला लागलं तरी घरात सगळे म्हणतात, चालण्याचा शीण आहे, निघून जाईल. मग मोहिमेत पाय दुखल्यावर मिळालेलीच गोळी पुन्हा घेतली जाते. ती गोळी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा ॲस्पिरिन असेल आणि ताप डेंग्यूचा असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. तुमच्या प्रथमोपचार पेटीत वेदनाशामक गोळ्या ठेवा, पण पत्रकात स्पष्ट लिहा की घरी गेल्यावर ताप आला तर पॅरासिटामॉलखेरीज दुसरी वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. आणि डेंग्यूत ताप उतरला म्हणजे सुटलो असं धरून चालू नये. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणं, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, पोरगं सुस्त होणं, ही लक्षणं बऱ्याचदा ताप उतरत असतानाच सुरू होतात. तेव्हा घरी थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

आता चावा बसूच नये म्हणून काय करता येईल ते सांगते.

सगळ्यांत महत्त्वाचे कपडे. भर पावसात मलम किती टिकणार, हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच पहिला भरवसा कापडावर. पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट, पूर्ण लांबीची पॅंट, पॅंटचे पाय मोज्यांत खोचलेले. फिका रंग चांगला, त्यावर चढलेला गोचीड दिसतो. हाफ पॅंट घालून येणाऱ्याला तुम्ही पत्रकातच नाही म्हणा. चिखलात लांब पॅंट जड होते अशी पोरांची तक्रार असते. लवकर वाळणाऱ्या पातळ कापडाची घेतली की ती अडचण राहत नाही.

उघड्या राहिलेल्या कातडीला, म्हणजे हात, मान, कान, घोटे यांना कीटक दूर ठेवणारं मलम किंवा स्प्रे. घेताना आत कुठलं औषध आणि किती टक्के ते वाचा. डीट किंवा पिकारिडिन २० टक्क्यांच्या आसपास असेल तर काही तास काम देतं. प्रमाण कमी असेल तर लवकर पुन्हा लावावं लागतं, आणि घाम-पाऊस झाला तर लावावंच लागतं. तोंडाला थेट फवारायचं नाही, आधी हातावर घेऊन मग लावायचं, डोळे आणि ओठ सोडून. जखमेवर नको. लहान मुलांच्या तळहातांना नको, ती हात तोंडात घालतात. कडुलिंबाचं किंवा सिट्रोनेलाचं तेल फार थोडा वेळ टिकतं. दिवसभराच्या चालीत त्याच्यावर विसंबू नका. मनगटात घालायचे वासाचे पट्टे आणि डास पळवणारी मोबाईल ॲप यांवर पैसा आणि बॅटरी घालवू नका. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते: गोठ्यात गोचिडांसाठी जनावरांवर मारायचं औषध कुणी अंगाला किंवा कपड्यांना लावत असेल तर तिथल्या तिथं थांबवा. कपड्यांना लावायची परमेथ्रिनसारखी औषधं वेगळी बनवलेली असतात, तीही कपडे अंगात नसताना लावून वाळवायची असतात, कातडीला कधीच नाही.

विश्रांतीच्या जागा तुम्ही ठरवता, म्हणून हा भाग पूर्ण तुमच्या हातात आहे. उंच गवतात, झुडपांच्या कडेला, वैरणीच्या गंजीला टेकून बसवू नका. उघडा खडक, पायवाटेची मोकळी जमीन, मंदिराचा कट्टा बघा. प्रत्येक तुकडीबरोबर एक ताडपत्री असू द्या. ओले शर्ट झुडपांवर वाळत घालायची सवय मोडा, दोरी बांधा.

मुक्कामाच्या गावी तिन्हीसांजेला डासांचा खरा जोर सुरू होतो. मलेरियाचा डास संध्याकाळ ते पहाट चावतो. डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो, सकाळी उजाडल्यावर आणि मावळतीच्या आधीच्या दोन-तीन तासांत जास्त. म्हणजे चालताना एक आणि झोपताना दुसरा. शाळेच्या वर्गात किंवा मंडपात झोपत असाल तर एका दोरीवर ओळीनं मच्छरदाण्या बांधता येतात. मी त्या तशा बांधलेल्या पाहिल्या आहेत, अर्धा तास लागतो. बंद वर्गात किंवा तंबूत अगरबत्ती-कॉइलचा धूर करून पोरांना त्यात झोपवू नका, तंबूत तर आगीचीही भीती.

एक विषय पत्रकांत कुणी लिहीत नाही, पण बाई म्हणून आणि डॉक्टर म्हणून मला लिहायलाच हवा. मोहिमेत मुलींना आणि बायकांना लघवीसाठी आडोसा शोधत उंच गवतात आत शिरावं लागतं. स्क्रब टायफसची खपली जांघेत आणि झाकल्या अंगावर सापडते त्यामागं हेही एक कारण असू शकतं. शिवाय त्या मुली तशी खपली कुणाला दाखवतही नाहीत. वाटेतल्या वाड्यांमध्ये आता बऱ्याच घरांत शौचालयं आहेत. गावकऱ्यांशी आधी बोलून, त्यांना योग्य मोबदला देऊन ती वापरायची सोय करा, आणि दोन थांब्यांच्या मध्ये कनातीचा आडोसा गवत कापलेल्या जागेवर उभा करा. मुली पाणी कमी पिऊन चालतात तेही यानं थांबेल.

मुक्कामाला किंवा घरी पोचल्यावर अंगावरचे सगळे कपडे काढून गरम पाण्यानं, साबणानं घासून आंघोळ. कपडे लगेच गरम पाण्यात. मग आरशासमोर किंवा घरच्यांच्या मदतीनं कान-मागे, काख, बेंबी, जांघ, गुडघ्यामागं नीट बघायचं. गोचीड चिकटलेला दिसला तर बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीलगत धरून, न पिळता, सरळ वर ओढून काढायचा. रॉकेल, चुना, तेल, पेटती काडी यातलं काही लावायचं नाही. अशानं तो सुटण्याऐवजी आणखी लाळ जखमेत सोडू शकतो. नंतर जागा आणि हात साबणानं धुवायचे. हा चिमटा तुमच्या प्रथमोपचार पेटीत नक्की ठेवा.

आपण वाटेतल्या गावांना काय देऊन येतो, तेही पाहू. चहाचे प्लॅस्टिकचे कप, पत्रावळ्या, पाण्याच्या बाटल्या चिखलात पडून राहतात आणि त्यांत पावसाचं पाणी साठतं. एडिस डासाला अंडी घालायला घोटभर पाणी पुरतं. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, आणि कोरडी पडलेली अंडी महिनोन्‌महिने तग धरतात. तुमची तुकडी खिंडीत पोचून घरी जाते आणि तिच्या मागं राहिलेल्या कपांतले डास आंबेवाडीच्या, करपेवाडीच्या पोरांना चावतात. ज्या घरांनी आपल्याला भर पावसात चहा पाजला, त्यांच्याच दारात हे. प्रत्येकाचा पेला प्रत्येकाच्या पिशवीत, आणि शेवटच्या तुकडीच्या हातात पोती. काही ग्रुप हे मनापासून करतात, त्यांचं मला कौतुक आहे. मोठ्या मोहिमांनी त्यांच्याकडून शिकावं.

थंडी आणि उन्हाळ्यात तुमच्यातले बरेच जण चंदगडकडं, पारगडकडं, तिलारीच्या जंगलात जातात. त्यांच्यासाठी वेगळं सांगते. तिलारीपलीकडच्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली माकडतापाची साथ आली होती. हा ताप १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला. तो गोचिडांच्या चाव्यातून होतो, त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे, आणि त्यावर नेमकं औषध नाही. रुग्णाला सांभाळत राहणं एवढाच उपचार. चाव्यानंतर साधारण आठवडाभरात एकदम जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. त्या भागात पालापाचोळ्यावर झोपू नका. जंगलात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, फोटोसाठीसुद्धा नाही. लगेच वनखात्याला किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा.

तुमच्यातल्या काही जुन्या मंडळींचं मत मला माहीत आहे. 'मावळे काय मलम लावून गेले होते का?' हे मी समोरासमोर ऐकलंय. त्यांचा भाव मला कळतो. पण १२ जुलै १६६० ची ती रात्र नीट आठवा. भर पावसात, सिद्दी जौहरचा वेढा पडलेला असताना महाराज गड उतरले ते नशिबाच्या हवाल्यावर नाही. वाट हेरलेली होती, निवडक मावळे बरोबर होते, दुसऱ्या पालखीत शिवा काशीद बसले होते. त्या वाटेवरून आजची पोरं नेताना वाटेतला धोका आधी हेरून ठेवणं हे त्या रात्रीला धरूनच आहे.

माझी मागणी एवढीच: पुढच्या पत्रकात कपडे, मलम, ताडपत्री आणि चिमटा घाला, आणि मोहीम संपल्यावर ग्रुप बंद करू नका. परतल्याच्या दिवशी, मग सातव्या आणि चौदाव्या दिवशी खालचा मजकूर टाका. शाळेची मोहीम असेल तर पालकांना पाठवा. मजकूर जसाच्या तसा घेतला तरी चालेल.

'आपण (तारीख) रोजी पन्हाळा ते पावनखिंड चालून आलो. त्या दिवसापासून तीन आठवड्यांत ताप, जोराची डोकेदुखी, अंगावर पुरळ किंवा कुठंही काळी खपली दिसली तर अंगावर काढू नका, चालण्याचा शीण समजू नका. झाकल्या अंगावरही बघा. पॅरासिटामॉल सोडून दुसरी वेदनाशामक गोळी स्वतःहून घेऊ नका. डॉक्टरांना हा मेसेज दाखवा आणि सांगा: गवतात, जंगलात चाललो, गावात गोठ्याजवळ मुक्काम होता, डेंग्यू, मलेरिया आणि स्क्रब टायफसची शक्यता बघावी. निदान झालं की ग्रुपवर कळवा, बरोबर चाललेल्यांना सावध करता येईल.'

पत्रक ठरवायच्या बैठकीला बोलावलंत तर दवाखान्याची वेळ सोडून कधीही येईन. मुक्कामाच्या गावी पोरांना खपली कशी दिसते आणि गोचीड कसा काढायचा हे दाखवायलाही येईन.

आपली,
कोल्हापुरातली एक फॅमिली डॉक्टर